मोडी रुमालांवर ओव्हरहेड स्कॅनर: आठ महिन्यांनंतर

१६ मेगापिक्सेलचा, ए-३ मापाचा, वरून टिपणारा स्कॅनर. छापील गॅझेटं आणि बांधीव नोंदवह्यांना झकास. मोडी लिपीतल्या रुमालांनाही (कापडात बांधलेले जुन्या कागदांचे गठ्ठे) चालतो, फक्त त्याची हुशारी आधी बंद करावी लागते.

मोडीत आधी कागदभर आडवी रेघ ओढतात, मग अक्षरं तिला टांगतात. पान सपाट करणारं सॉफ्टवेअर त्या रेघेलाच पानाची कड समजतं आणि ओळ वाकवून ठेवतं. समासाच्या उभ्या घडीवर ऑटो-क्रॉप कात्री चालवतो. समासातला शेरा गेलाच म्हणून समजा. दोन्ही बंद करा, चहूबाजूंनी सेंटिमीटरभर काळी पार्श्वभूमी येऊ द्या.

डीपीआयच्या (इंचामागे किती ठिपके) आकड्यावर भुलू नका. सेन्सर ४६०८ बाय ३४५६, ए-३ची लांबी १६.५ इंच, भागाकार केला की जेमतेम २८० उरतात. मेनूतले ६०० म्हणजे पाणी घालून वाढवलेलं दूध. कॅमेऱ्याची उंची पक्की असल्यानं छोट्या कागदालाही तेवढेच. वाचायला पुरतात. जतनाच्या प्रतीला ४०० हवे असतील तर कॉपी स्टँडवर २४ मेगापिक्सेलचा कॅमेरा लावा. ३८ बाय २५ सेंमीची चौकट मिळते. आठ बिटची टिफ फाइल ७२ एमबीची, हजार पानांना ७२ जीबी, आणि दुसरी प्रत वेगळ्या डिस्कवर.

सोबतची काच कपाटातच राहू द्या. शाई सुकवायला टाकलेली वाळू घड्यांमध्ये अजून सापडते. काच दाबली की तेच कण कागदावर घासतात. आधी मऊ ब्रशनं घडी झाडायची, मग कडांना वजनाच्या कापडी पट्ट्या. घोटीव कागदावर वरचा एलईडी चकाकतो. तो विझवून दोन बाजूंनी ४५ अंशांत दिवे लावले की शाई उठून दिसते.

ओसीआर, म्हणजे चित्रातली अक्षरं ओळखणारं सॉफ्टवेअर, देवनागरी छापील मजकुरापुरता. मोडीवर निव्वळ कचरा, म्हणजे कागद सापडणार तो हातानं भरलेल्या नोंदीवरूनच. इथे खरी गफलत तारखेची होते. 'इहिदे सबैन मया व अलफ' म्हणजे शुहूर सन ११७१ (जुन्या मराठी कागदांवरची, अरबी आकडेशब्दांत लिहिलेली कालगणना). हे वर्ष मृगाला बदलतं, म्हणून मृगापासून डिसेंबरपर्यंत ५९९ मिळवून १७७०, जानेवारीनंतर ६०० मिळवून १७७१. एक्सेलमध्ये सरसकट ५९९ टाकलं की जानेवारी ते मृगापर्यंतचे कागद वर्षभर मागे जातात. मूळ शब्द एका रकान्यात जसेच्या तसे ठेवा, इसवी सन शेजारच्या रकान्यात.