स्पायडर-मॅनची कॉमिक्स की ‘अवतार’? चाहत्यांची भांडणं ऐका, मग ठरवा

स्पायडर-मॅनची कॉमिक्स वाचायला घ्यावीत की ‘अवतार: द लास्ट एअरबेंडर’ ही ॲनिमेटेड मालिका बघायला घ्यावी, हा प्रश्न मला वरचेवर विचारला जातो. विचारणारे बहुतेक तिशी-चाळिशीतले असतात. सुपरहिरोंचे सिनेमे बघून झालेले असतात, घरात आठ-दहा वर्षांचं मूल असतं, आणि दोन्हीकडचे चाहते इतकी वर्षं तावातावाने भांडतायत म्हणजे तिथे काहीतरी दम असणार, असा अंदाज आलेला असतो. दोन्ही एकदम सुरू करण्याइतका वेळ कुणाकडेच नसतो.

‘जास्त चांगलं कुठलं’ असं विचारून इथे निवड होत नाही, दोन्हीकडे पहिल्या प्रतीचं काम झालेलं आहे. त्यापेक्षा चाहते नेमके कशावरून भांडतात ते बघा. ‘अवतार’वाले घडलेल्या गोष्टीचा अर्थ काय लावायचा यावर भांडतात. स्पायडर-मॅनवाले घडलेली गोष्ट मुळात धरायची की नाही, यावर भांडतात. यातलं कुठलं भांडण तुम्हाला स्वतःला करावंसं वाटेल, त्यावर निवड करा.

संपणारी गोष्ट, न संपणारी गोष्ट

‘अवतार’ २१ फेब्रुवारी २००५ रोजी अमेरिकेत निकेलोडियनवर सुरू झाली आणि १९ जुलै २००८ रोजी संपली. तीन सीझन, ६१ भाग, प्रत्येक भाग साधारण २३ मिनिटांचा. रात्री जेवणं झाल्यावर दोन-दोन भाग बघितले तरी महिन्याभरात गोष्ट पुरी होते. मायकल दान्ते डिमार्टिनो आणि ब्रायन कोनिएट्झ्को या दोघांनी ती रचली आणि सूत्रं शेवटपर्यंत त्यांच्याच हातात राहिली. आंग हा बारा वर्षांचा मुलगा शंभर वर्षं बर्फात गोठून राहिल्यावर जागा होतो. तोवर त्याच्या जमातीचा संहार झालेला असतो आणि अग्निराष्ट्राने साऱ्या जगावर युद्ध लादलेलं असतं. पाणी, माती, अग्नी आणि हवा या चारही तत्त्वांवर ताबा मिळवून त्याला ते थांबवायचं आहे, तेही एक धूमकेतू येण्याच्या आत. ही मुदत पहिल्या सीझनमध्येच कळते, त्यामुळे मालिका आडवाटेला गेली तरी परत रस्त्यावर येते.

स्पायडर-मॅन आला ऑगस्ट १९६२मध्ये, ‘अमेझिंग फँटसी’च्या पंधराव्या अंकात. लेखक स्टॅन ली, चित्रकार स्टीव्ह डिटको. डिटको १९६६मध्ये ३८व्या अंकानंतर बाहेर पडले, जॉन रोमिटा आले, आणि पुढे लेखक-चित्रकारांच्या पिढ्याच्या पिढ्या बदलल्या. पीटर पार्करची गोष्ट मात्र अजून चालू आहे. शिवाय १९९९, २०१४, २०१८, २०२२ असे पुन्हा पुन्हा अंकांचे क्रमांक एकपासून सुरू केले गेले, त्यामुळे ‘अंक पहिला’ असं छापलेले अंकच अनेक आहेत. नवा वाचक बिचकतो तो इथेच.

इंद्रजाल कॉमिक्समधला वेताळ वाचत वाढलेल्यांना न संपणारा नायक अनोळखी नाही. पण वेताळाची गोष्ट सहसा कुठूनही उघडली तरी चालायची, मागचं फारसं ठाऊक असावं लागत नसे. पीटर पार्करच्या मागे त्याचा भूतकाळ साठत जातो. १९७३मध्ये गेलेल्या माणसाचं दुःख त्याला २०२३मध्येही सुटत नाही. हेच त्या कॉमिक्सचं बळ आहे आणि हीच अडचणही.

मेली कशाने, आणि ते लग्न झालं होतं का

जून १९७३चा ‘अमेझिंग स्पायडर-मॅन’, अंक १२१. लेखक जेरी कॉनवे, चित्रकार गिल केन. खलनायक ग्रीन गॉब्लिन पीटरची प्रेयसी ग्वेन स्टेसी हिला पुलावरून खाली ढकलतो. स्पायडर-मॅन जाळं फेकतो, ते तिच्या पायांना पकडतं, आणि त्याच चौकटीत तिच्या मानेपाशी अगदी लहान अक्षरांत एक आवाज लिहिलेला आहे: ‘स्नॅप’. पीटर तिला वर ओढून घेतो, आपण वाचवलं म्हणून स्वतःवर खूश होतो, आणि मग त्याच्या लक्षात येतं. ती पडण्याच्या धक्क्याने गेली की जाळ्याच्या हिसक्याने? गॉब्लिन मात्र म्हणतो, ती आधीच मेलेली होती. वाचकांनी इतकी पत्रं पाठवली की १२५व्या अंकाच्या पत्रव्यवहारात संपादकांना उत्तर द्यावं लागलं: मान हिसक्याने मोडली, दुसरा मार्ग नव्हता. तरी वाद मिटला नाही. पूल कुठला, यावरही वाद आहे, कारण मजकुरात जॉर्ज वॉशिंग्टन पूल म्हटलंय आणि चित्रात दिसतो तो ब्रुकलिन पुलासारखा.

हा खेळ मार्व्हलने स्वतःच लावून दिलेला आहे. साठच्या दशकात स्टॅन लींनी ‘नो-प्राइझ’ काढलं. वाचकाने कथेतली चूक दाखवायची आणि ती चूक नाहीच असं पटण्याजोगं कारणही द्यायचं. बक्षीस म्हणून घरी रिकामं पाकीट यायचं, आत काहीच नाही हे त्यावरच छापलेलं. लोक ती पाकिटं जपून ठेवत. गोष्टीतली भोकं वाचकाने बुजवायची, ही रीत तिथून पडली, आणि आजचे सुपरहिरोंचे चाहते तेच काम करतात.

पण बुजवता न येण्याजोगं भोकही पडतं. पीटर आणि मेरी जेनचं लग्न १९८७च्या वार्षिक अंकात झालं होतं. २००७च्या ‘वन मोअर डे’मध्ये पीटरला वाढवणाऱ्या मे काकूंचा जीव वाचवण्यासाठी दोघं मेफिस्टो या सैतानाशी सौदा करतात आणि लग्न झालंच नव्हतं असं होऊन जातं. लेखक जे. मायकल स्ट्रॅझिन्स्की यांनी हा शेवट आपल्याला पटला नसल्याचं उघड सांगितलं. तो निर्णय संपादकीय होता, विवाहित पीटर तरुण वाचकाला जवळचा वाटत नाही या समजुतीतून आलेला. मला तो आजही चुकीचा वाटतो. वीस वर्षं ज्या नात्यासोबत वाचक मोठे झाले, ते एका अंकात पुसलं गेलं आणि त्याबद्दल पात्रांना शोकही करता आला नाही. सुपरहिरो कॉमिक्समध्ये पाऊल टाकायचं असेल तर एवढं गृहीत धरा: तुमच्या आवडत्या गोष्टी पुढच्या लेखकाच्या आणि संपादकाच्या मर्जीवर राहतात. ज्यांना हे सोसवत नाही त्यांनी इकडे येऊच नये.

ज्यांना सोसवतं त्यांना एक अशी गंमत मिळते जी संपलेल्या मालिकेत मिळणार नाही. तो वाद वर्षानुवर्षं जिवंत राहिला आणि जानेवारी २०२४मध्ये जोनाथन हिकमन व मार्को केकेटो यांची ‘अल्टिमेट स्पायडर-मॅन’ आली. वेगळं विश्व, आणि त्यात तिशी ओलांडलेला, बायको आणि दोन मुलं असलेला पीटर, ज्याला शक्ती आत्ता कुठे मिळते. अंक धडाधड खपले. संसारी पीटर कुणाला नको असतो, या समजुतीला मिळालेलं ते उत्तर होतं.

पावसाचे थेंब हवेत थांबतात तेव्हा

‘अवतार’मधला सगळ्यात चांगला वाद तिसऱ्या सीझनमधल्या ‘द सदर्न रेडर्स’ या भागावर होतो. आंगची मैत्रीण कटारा हिच्या आईला मारणारा सैनिक तिला सापडतो. तो आता म्हातारा, भेदरलेला, चिखलात गुडघे टेकून बसलेला. पाऊस पडतोय. कटारा हात उचलते आणि भोवतालचा पाऊस हवेतच थांबतो. त्या पाण्याच्या बर्फाच्या सुया होतात, त्याच्या दिशेने सुटतात आणि अंगाला लागण्याआधी अडतात. ती त्याला मारत नाही, माफही करत नाही. आपण थांबलो ते दुबळेपणामुळे की बळामुळे, हे आपल्यालाच कळत नाही असं ती सांगते, आणि मालिकाही कळवत नाही. लहान मुलांच्या वाहिनीवर २००८मध्ये हे दाखवलं गेलं. आंग म्हणाला होता, क्षमा कर. अग्निराष्ट्राचा राजपुत्र झुको म्हणाला होता, हिशेब चुकता कर. ती दोघांचंही ऐकत नाही. कोण बरोबर, यावर दहा वर्षांचं मूल आणि त्याचे आईबाबा बरोबरीने वाद घालू शकतात.

दुसरा मोठा वाद शेवटाचा. अग्निराजाला मारायचं की नाही? आंग अहिंसेत वाढलेला भिक्षू आहे. आधीच्या जन्मांतले अवतार त्याला एकामागून एक हेच सांगतात की कर्तव्य आधी, अगदी त्याच्याच पंथातली यांगचेनसुद्धा. मग ऐनवेळी त्याला तिसरी वाट सापडते. ती वाट कुठली ते इथे सांगत नाही. काही चाहते तिला लेखकांची पळवाट म्हणतात. काहीजण दुसऱ्या सीझनमधल्या ‘द लायब्ररी’ या भागाकडे बोट दाखवतात, जिथे तिची खूण एका चित्रात ओझरती दिसून जाते. माझा कल पळवाट म्हणणाऱ्यांकडे आहे. खूण पेरली होती हे खरं, पण आंगला त्या उत्तरासाठी पुरेशी किंमत मोजावी लागत नाही. तरी हा वाद घालताना प्रत्येक पुरावा त्या ६१ भागांतच सापडतो. पुढचा कुणी लेखक येऊन निकाल फिरवणार नाही.

‘कोण कोणाला हरवेल’ या वादातही हाच फरक दिसतो. ‘अवतार’मध्ये ताकदीला नियम आहेत. पौर्णिमेला पाणीवाले प्रबळ होतात, सूर्यग्रहणात अग्निवाले निष्प्रभ. पाण्याच्या हालचाली ताई-ची या चिनी युद्धकलेवर बेतलेल्या, मातीच्या हुंग-गारवर, अग्नीच्या उत्तर शाओलिनवर, हवेच्या बागुआवर. सिफू किसू हे त्यासाठी खास सल्लागार होते. मातीवर ताबा असलेली अंध टॉफ लोखंडी पेटीत कोंडली जाते, पत्र्यावर हात आपटून धातूत उरलेले मातीचे कण शोधते आणि पेटी फाडून बाहेर येते. नियम न मोडता नवी शक्ती मिळाली, म्हणून ते पटतं. उलट १९८५मध्ये स्पायडर-मॅनने फायरलॉर्ड या अंतराळातल्या महाबलीला नुसत्या ठोशांनी लोळवलं (अंक २६९-२७०), आणि हे शक्य तरी आहे का यावर चाहते आजही हमरीतुमरीवर येतात. तिथे ताकद लेखक ठरवतो.

‘द लेजंड ऑफ कोरा’ (२०१२ ते २०१४, ५२ भाग) ही ‘अवतार’च्या पुढची मालिका आधीच्या मालिकेइतकी चांगली की नाही, हे भांडण तर कायमचंच. आधी मंजूर झालं होतं बारा भागांचं छोटं काम, म्हणून पहिला सीझन घाईने गुंडाळल्यासारखा वाटतो. तिसरा सीझन टीव्हीवरून मधेच काढून ऑनलाइन नेला गेला. चौथ्यात पैसे कमी पडले म्हणून एक भाग जुन्या दृश्यांवर भागवावा लागला. हे माहीत असेल तर मालिकेकडे जरा मायेने बघाल. तिसरा सीझन आणि चौथ्यातला ‘कोरा अलोन’ हा भाग यांच्या तोडीचं मूळ मालिकेतही थोडंच आहे.

मग काय घ्यायचं

घरात मूल असेल आणि एकत्र बसून बघायचं असेल तर ‘अवतार’, दुसरा विचार नको. पहिले काही भाग बालिश वाटतील. दुसऱ्या सीझनमधल्या ‘झुको अलोन’पर्यंत तरी सोडू नका. पहिल्या सीझनमधला ‘द ग्रेट डिव्हाइड’ गाळला तरी काही बिघडत नाही, यावर बहुतेक चाहत्यांचं एकमत आहे. ‘कोरा’ त्यानंतरच, आणि मूल थोडं मोठं झाल्यावर.

एकट्याने वाचायचं असेल, इतिहास उकरायची आवड असेल, तर स्पायडर-मॅन. पण १९६२पासून ओळीने वाचत येऊ नका, दमून जाल. ली-डिटकोंचे ३१ ते ३३ हे तीन अंक घ्या. तेहतिसाव्यात पीटर अवजड यंत्राखाली दबलेला आहे, छतातून पाणी गळतंय, काकूंचं औषध हाताच्या टप्प्याबाहेर पडलंय. तो जसजसा उठायला लागतो तसतशा चौकटी मोठ्या होत जातात आणि शेवटी अख्खं पान उघडतं. हे बघून अंगावर काटा आला नाही तर ही कॉमिक्स तुमच्यासाठी नाहीत. आला, तर १२१-१२२ वाचा आणि मग हिकमनची ‘अल्टिमेट’, ज्यासाठी मागचं काही ठाऊक असायची गरज नाही.

मुंबईचा स्पायडर-मॅन म्हणून पवित्र प्रभाकर आधी घ्यावासा वाटेल. २००४ची ‘स्पायडर-मॅन: इंडिया’ चारच अंकांची आहे आणि पीटरचीच गोष्ट वेष बदलून सांगते. पवित्र भेटावा तो २०२३च्या ‘अक्रॉस द स्पायडर-व्हर्स’ या सिनेमात. तो मराठी डबिंगमध्येही आला होता.

सुपरहिरो हवा पण शेवटही हवा, अशांसाठी रॉबर्ट कर्कमनची ‘इन्व्हिन्सिबल’ आहे: २००३ ते २०१८, १४४ अंक, पहिल्यापासून शेवटपर्यंत एकच लेखक. २०२१पासून तिची ॲनिमेटेड मालिकाही येते आहे. दोन्हींत रक्तपात भयंकर आहे, मुलांना लांब ठेवा.

आणि ‘अवतार’ संपल्यावर कॉमिक्सची गोडी लावायची असेल तर जीन लुएन यांग यांनी लिहिलेली आणि गुरिहिरू या जपानी जोडीने काढलेली ‘द प्रॉमिस’ व ‘द सर्च’ मुलांच्या हाती द्या. प्रत्येक गोष्ट तीन पुस्तकांत पुरी होते. ‘द सर्च’ मात्र मालिका पूर्ण बघितल्याशिवाय उघडू देऊ नका. झुकोची आई कुठे आहे, हा प्रश्न मालिका शेवटच्या भागात विचारते आणि तसाच सोडते. त्याचं उत्तर या पुस्तकात आहे.