अंदमान की गॅलापागोस? खानदेशातून निघणाऱ्यांसाठी

ज्वालामुखीची बेटं, प्राणी आणि स्नॉर्केलिंग (मास्क लावून, तोंडातल्या नळीतून श्वास घेत पाण्याखालचं बघणं) हे तिन्ही एकाच दिवसात हवं असेल, तर खरं उत्तर गॅलापागोस, म्हणजे दक्षिण अमेरिकेतल्या इक्वेडोरची प्रशांत महासागरातली बेटं. तरी जळगाव-धुळ्याकडच्या बहुतेकांना मी आधी अंदमानच सांगेन. पैशांचा प्रश्न आहेच, पण त्याहून मोठा प्रश्न पाण्याचा आहे.

ज्वालामुखीसाठी अंदमानला जाऊ नका. बॅरन बेट हा भारतातला एकमेव जागृत ज्वालामुखी, १९९१ पासून अधूनमधून धुमसतोय. पण तिथे उतरू देत नाहीत, बोटीतूनच बघायचं. नुसता काळा दगड बघायचा तर आपला खानदेशच लाव्ह्यावर बसलाय. अंदमानची खरी दौलत पाण्याखाली आहे. जॉली बॉय बेटावर किंवा हॅवलॉकच्या एलिफंट बीचला पाणी कोमट, उथळ, आणि प्रवाळ हाताच्या अंतरावर. पोहता येत नसलं तरी गाईड ट्यूबला धरून फिरवून आणतो.

गॅलापागोसचं उलटं. प्रवाळ थोडं, प्राणी मात्र भरपूर आणि माणसाला न बुजणारे. समुद्री इग्वाना काळ्या खडकावर ऊन खात पडलेले असतात आणि मधूनच नाकातून खारं पाणी फुर्रकन उडवतात. त्यांच्यापासून दोन मीटर लांब राहायचा नियम आहे. तिथेही दोन सहली वेगळ्या: सांताक्रूझ बेटाहून बार्टोलोमे बेट आणि सान क्रिस्तोबाल बेटाहून किकर रॉक. बार्टोलोमेला टेकडीवर चढायला लाकडी पायऱ्या, खाली किनाऱ्यालगत स्नॉर्केलिंग, नशीब असेल तर शेजारून पेंग्विन जातो. किकर रॉकला समुद्रातून सरळ उठलेले कडे, मधे फट, खाली तळ दिसत नाही आणि शार्क फिरत असतात. पहिल्यांदा जाणाऱ्याने बार्टोलोमेच घ्यावं.

विहिरीत सूर मारत शिकलेल्यांना खोलीची भीती नसते, हे खरं. पण विहिरीला ओढ नसते, आणि आपण पोहतो मान वर काढून. इथे चेहरा पाण्यात ठेवून नळीतून तोंडानेच श्वास घ्यायचा. ही सवय व्हायला वेळ लागतो. मिशीवाल्यांचा मास्क तर हमखास गळतो, नाकाखाली जाडसर व्हॅसलीन लावा.

सुट्ट्यांचं गणितही बघा. दिवाळीनंतर अंदमान उत्तम, पण तेव्हा गॅलापागोसचं पाणी थंडगार असतं. जून ते नोव्हेंबर वेटसूटशिवाय (थंडी अडवणाऱ्या रबरी पोशाखाशिवाय) निभाव नाही. तिकडचं पाणी जानेवारी ते मे उबदार. खर्चात तुलनाच नको: गॅलापागोसच्या नुसत्या प्रवेशाचे परदेशी प्रौढाला २०० डॉलर, विमानाचं भाडं वेगळं.

अपवाद रावेर-यावलच्या केळीवाल्यांचा. इक्वेडोर हा जगातला सर्वांत मोठा केळी निर्यातदार, बेटांची विमानं तिथल्या क्विटो आणि ग्वायाकिल शहरांतून सुटतात, आणि केळीच्या बागा ग्वायाकिलच्याच पट्ट्यात आहेत. त्यांनी अंदमान सोडून थेट गॅलापागोस धरावं आणि दोन-चार दिवस बागांसाठी राखून ठेवावेत.