स्क्विड प्रॉक्सी सर्व्हर : बसवण्याआधी सुरक्षेचा विचार

लातूरच्या अभ्यासिकांमध्ये एकाच इंटरनेट जोडणीवर पन्नास-साठ विद्यार्थी बसतात आणि त्यांच्या वापरावर नियंत्रण हवे म्हटले, की स्क्विड हा प्रॉक्सी सर्व्हर, म्हणजे सगळ्यांची इंटरनेट वाहतूक ज्यातून जाते असा मधला सर्व्हर, बसवण्याचा सल्ला हमखास मिळतो. 1996 पासून उपलब्ध असलेले हे मुक्तस्रोत सॉफ्टवेअर मोफत आहे, जुन्या संगणकावरही चालते आणि कोणाला कोणते संकेतस्थळ कधी उघडू द्यायचे याचे नियम त्यात फार बारकाईने लिहिता येतात. या बाबतीत त्याला तोड नाही.

सुरक्षेचा विषय मात्र गंभीर आहे. जोशुआ रॉजर्स या संशोधकाने 2021 मध्ये स्क्विडची तपासणी करून 55 त्रुटी शोधल्या. ऑक्टोबर 2023 मध्ये त्याने त्या जाहीर केल्या, तेव्हा त्यांपैकी 35 दुरुस्त झालेल्या नव्हत्या. यात मी विकसकांना दोष देणार नाही, कारण जगभर वापरले जाणारे हे काम मोजकेच स्वयंसेवक सांभाळतात. तरीही धोका खरा आहे. डायजेस्ट पद्धतीची (पासवर्ड उघड न पाठवता होणारी) लॉगिन तपासणी चालू असेल, तर 6.4 पूर्वीच्या आवृत्त्यांत बाहेरची व्यक्ती सर्व्हरच्या मेमरीत 2 एमबीपर्यंत हवा तो मजकूर लिहू शकत असे. 2025 मध्ये उघड झालेल्या दुसऱ्या त्रुटीमुळे चूक दाखवणाऱ्या पानातून वापरकर्त्याची लॉगिन माहिती फुटू शकत होती, ती 7.2 मध्ये दुरुस्त झाली. लिनक्सच्या वितरणांत (उबुंटू, डेबियन वगैरे) अशा दुरुस्त्या अनेकदा जुन्याच आवृत्ती क्रमांकाखाली येतात, म्हणून केवळ क्रमांक पाहून निष्कर्ष काढू नये, वितरणाची सुरक्षा सूचना वाचावी.

बसवायचेच असेल, तर स्क्विड ज्यावर जोडण्या स्वीकारते ते 3128 हे पोर्ट फक्त आतल्या नेटवर्कसाठी खुले ठेवावे, अन्यथा परके लोक आपल्या जोडणीआडून गैरप्रकार करतील. एचटीटीपीएसची, म्हणजे कूटबद्ध संकेतस्थळांची, वाहतूक उलगडून पाहण्याची सोय मुळीच वापरू नये, कारण त्यामुळे विद्यार्थ्यांचे बँकेचे पासवर्डसुद्धा सर्व्हर चालवणाऱ्याच्या हाती येऊ शकतात, आणि हे मला कोणत्याही कारणासाठी मान्य नाही. ती सोय बंद ठेवल्यास पाने साठवून वेग वाढवण्याचा जुना फायदा जवळजवळ उरत नाही, हेही आधीच समजून घ्यावे.

नियमित अपडेट करणारा जाणकार माणूस असेल, तर स्क्विड अवश्य घ्यावे. तसा माणूस नसेल आणि काही संकेतस्थळे अडवण्यापुरतीच गरज असेल, तर राउटरमधील डीएनएस फिल्टर (संकेतस्थळाचा पत्ता शोधतानाच ते अडवणारी सोय) पुरेसा आहे.