जर्मनीतला चार आठवड्यांचा उन्हाळी भाषावर्ग: परत येऊन आठ महिने झाल्यावर

2025 च्या ऑगस्टमध्ये मी जर्मनीत फ्रायबुर्ग या गावी चार आठवडे जर्मन शिकायला गेले होते. सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात परत आले. आल्याबरोबर लिहायला बसले, पण तेव्हा सगळंच भारी वाटत होतं, बेकरीतल्या पावापासून ट्रामच्या घंटीपर्यंत. म्हणून थांबले. आता आठ महिने झालेत. काय टिकलं आणि काय वाहून गेलं, ते आता खात्रीनं सांगता येईल.

मी लातूर जिल्ह्यातली, औसा तालुक्यातल्या एका खेड्यातली. संभाजीनगरला इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. जाण्याआधी जर्मनची ए-टू पातळीची परीक्षा दिली होती, म्हणजे भाषेची खालून दुसरी पायरी; तिच्या वरची बी-वन.

आधी पैशाचं बोलते, कारण आमच्याकडे पहिला प्रश्न तोच असतो. वर्गाची फी 750 युरो, वसतिगृहातली खोली 380 युरो. मुंबई ते फ्रँकफर्ट जाऊन-येऊन विमान 68 हजार रुपये. युरो तेव्हा शंभर रुपयांच्या आसपास होता. व्हिसा, विमा, खाणं, प्रवास सगळं धरून खर्च अडीच लाखांच्या थोडा वर गेला. आमच्या घरी कुठलाही मोठा खर्च क्विंटलमध्ये मोजतात. 2024-25 च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला 4,892 रुपये होता, पण आडतीवर आमच्या पदरात 4,100 च्या आसपास पडले. म्हणजे हे चार आठवडे साठ क्विंटलच्या वर गेले, आमच्या सात एकरांचं एका हंगामाचं जवळजवळ सगळं सोयाबीन. अर्धे पैसे पप्पांनी दिले, अर्धे मामानं बिनव्याजी. हे मी तिथं रोज सकाळी वर्गात शिरताना आठवायची, आणि त्याचा उपयोग झाला. एकही तास बुडवला नाही.

यातले 20 हजार वाचले असते. शहरातल्या एका सल्लागारानं अर्ज भरायचे म्हणून घेतले, आणि शेवटी सगळे कागद मीच गोळा केले. नव्वद दिवसांच्या आतल्या वर्गाला शेंगेन व्हिसा (युरोपातल्या बऱ्याच देशांत चालणारा थोड्या दिवसांचा व्हिसा) पुरतो. प्रवासाच्या तारखेआधी सहा महिन्यांपासून अर्ज करता येतो. फी 90 युरो. किमान 30 हजार युरोंचा वैद्यकीय प्रवासविमा लागतो. वर्गाचं प्रवेशपत्र, राहण्याची सोय, बँकेचं स्टेटमेंट, पालकांचं हमीपत्र, कॉलेजचं बोनाफाइड ही कागदपत्रं ज्याला लावता येतात, त्याला मधला माणूस लागत नाही. बोटांचे ठसे द्यायला मात्र मुंबईला स्वतःच जावं लागलं. रात्रीच्या लातूर एक्स्प्रेसनं गेले, काम झालं आणि दुसऱ्या रात्री परत निघाले.

बॅगेत काय न्यावं यावर आईचं आणि माझं भांडण झालं होतं. युरोपात आपल्याकडून दूध-दुभत्याचे आणि मांसाचे पदार्थ सामानातून नेता येत नाहीत, त्यामुळे तूप आणि पेढे घरीच राहिले. जवसाची चटणी, शेंगदाण्याची चटणी, येसर, ज्वारीचं पीठ आणि दोन दिवसांचे धपाटे एवढं नेलं. मी शनिवारी रात्री पोचले. तिथं रविवारी दुकानं बंद असतात हे वाचलं होतं, पण डोक्यात बसलं नव्हतं. तो अख्खा रविवार धपाट्यांवर निघाला. तुम्ही जाणार असाल तर शनिवारी दुपारपर्यंत पोचेल असंच तिकीट काढा.

फिरण्यासाठी 58 युरोंचं महिन्याचं तिकीट घेतलं. त्यात ट्राम, बस आणि साध्या रेल्वेगाड्या सगळ्या देशभर चालतात, वेगवान गाड्या मात्र चालत नाहीत. ते दर महिन्याला आपोआप पुढं सुरू राहतं. ज्या महिन्याअखेर बंद करायचं, त्याच महिन्याच्या 10 तारखेपर्यंत रद्द करावं लागतं. मी ऑगस्टच्या पहिल्याच आठवड्यात रद्द करून टाकलं, तुम्हीही तेच करा. नळाचं पाणी बिनदिक्कत पिता येतं. प्लॅस्टिकच्या बाटलीवर 25 सेंट जादा घेतात आणि दुकानातल्या यंत्रात बाटली परत टाकली की ते परत मिळतात. खोलीत पंखा नसतो आणि ऑगस्टमध्ये काही दिवस चांगलंच तापतं.

आता मुख्य गोष्ट, म्हणजे शिकणं.

पहिल्या दिवशी पातळी ठरवायची परीक्षा झाली. मला वाटलं होतं बी-वनच्या वर्गात घालतील, पण ए-टूच्याच दुसऱ्या अर्ध्यात बसवलं. व्याकरणात मी वरच्या वर्गाइतकी होते, ऐकण्या-बोलण्यात खाली होते. मी लातूरला बारावी केलेली. आमच्या लातूर पॅटर्नमध्ये दोन वर्षं चुकीचं उत्तर म्हणजे गुण गेले हेच शिकलेलं. त्यामुळे पूर्ण वाक्य मनात बरोबर जुळल्याशिवाय माझं तोंडच उघडायचं नाही. तोपर्यंत इटलीची मुलगी चार चुकीची वाक्यं बोलून मोकळी व्हायची, आणि बाईंना तीच आवडायची. पहिला आठवडा मला फार जड गेला. रात्री रडलेसुद्धा.

दुसऱ्या आठवड्यात एक गोष्ट घडली, तिच्यासाठी मी हे सगळं लिहितेय.

वसतिगृहाच्या कोपऱ्यावर एक बेकरी होती. तिथल्या काकू जे बोलायच्या ते मला निम्मंही कळायचं नाही. पुस्तकात ‘दास इस्ट’ म्हणजे ‘हे आहे’. त्या म्हणायच्या ‘देस इश’. मला वाटलं माझेच कान कच्चे. वर्गात विचारलं तर बाई खूश झाल्या. म्हणाल्या, ही आलेमानिश बोली, या भागाची. फळ्यावर त्यांनी एक शब्द लिहिला: ‘बेखले’. प्रमाण जर्मनमध्ये ओढ्याला ‘बाख’ म्हणतात. इथली माणसं मागं ‘ले’ लावून त्याला छोटा, लाडका करतात. आणि हा बोलीतला शब्द नगरपालिकेच्या पाट्यांवर, नकाशांवर, पोस्टकार्डांवर तसाच लिहिलेला असतो. कोणी तो सुधारून लिहीत नाही.

मी गप्प झाले. ए-टूच्या परीक्षेसाठी मी दोन महिने पुण्याला मावशीकडे राहून क्लास केला होता. तिथं एकदा मी सहज म्हणाले, “मी आता घरी जायलेय.” मागच्या बाकावरच्यांनी तो शब्द उचलला आणि क्लास संपेपर्यंत ‘जायलेय, करायलेय’ ऐकवत राहिले. तेव्हापासून मी घराबाहेर ‘जातेय, करतेय’ बोलायला लागले. आजीशी फोनवर बोलायचं तर खोलीबाहेर जायची. परक्या देशातल्या बेकरीवाल्या काकू, विद्यापीठ 1457 सालचं आहे अशा गावात, सकाळी सहाला सगळ्यांसमोर आपल्या बोलीत पाव विकत होत्या आणि प्राध्यापक मंडळी त्याच बोलीत ‘आभारी आहे’ म्हणून जात होती.

बाईंनी गृहपाठ दिला: तुमच्या घरचे असे दहा शब्द आणा जे तुमच्या भाषेच्या पाठ्यपुस्तकात नाहीत. मी संध्याकाळी आजीला फोन लावला. तिकडं रात्रीचे साडेदहा वाजून गेले होते, साडेतीन तासांचा फरक. आजी जागीच होती.

“जेवलीस का गं? काय खायलीस तिकडं?”

मी तेव्हा बेखलेच्या काठावर पाय पाण्यात सोडून बसले होते. बेखले म्हणजे जुन्या गावातल्या रस्त्यांच्या कडेनं वाहणारे दगडी पाट. ड्रायझाम नदीचं पाणी, हातभर रुंद, घोट्याएवढं खोल, आणि गार. तेराव्या शतकापासून कागदोपत्री नोंद आहे. जनावरांना पाजायला आणि आग विझवायला ते पाणी वापरायचे, पिण्याचं पाणी वेगळ्या नळांतून यायचं. समोर एक लहान लेकरू दोरीला बांधलेली लाकडी होडी पाण्यातून ओढत चाललं होतं. सात वाजून गेले तरी अजून ऊन होतं. मी म्हटलं, आजी, इथं भर बाजारात रस्त्याच्या कडेनं पाट वाहायलाय.

आजी क्षणभर थांबली आणि विचारलं, “मग दारं कोण धरतंय?”

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी: रानात पाणी देताना एका सरीतून दुसऱ्या सरीत फावड्यानं पाणी वळवायचं, त्याला दारं धरणं म्हणतात. आजीनं आयुष्यभर रात्री-अपरात्री दारं धरलीत. दुसऱ्या दिवशी मी तोच प्रश्न मोडक्यातोडक्या जर्मनमध्ये वर्गात विचारला. उत्तर होतं, आहेत. हे पाट रोज झाडून साफ ठेवायला पालिकेची माणसं नेमलेली आहेत, आणि त्यांना नावसुद्धा आहे, ‘बेखलेपुट्सर’. आजीचा प्रश्न त्या आठवड्यातला वर्गातला सगळ्यात चांगला प्रश्न ठरला. मी दहाऐवजी चौदा शब्द नेले: माळवं (भाजीपाला), कोरड्यास (कालवण), इस्तू (विस्तव), वावर, बारव, दारं... ‘बारव’ समजवायला फळ्यावर विहिरीच्या पायऱ्या काढून दाखवाव्या लागल्या.

त्यानंतर तोंड उघडलं. चौथ्या आठवड्यात प्रत्येकानं दहा मिनिटं बोलायचं होतं. मी आमची पाण्याची गाडी निवडली. एप्रिल 2016 मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं तेव्हा मी सहावीत होते. सुमारे 340 किलोमीटरवरून पहिल्या खेपेला टाकीचे 10 डबे, प्रत्येकात 50 हजार लिटर, मिळून 5 लाख लिटर. मामा लातुरात राहतात. त्यांच्याकडे हंड्यांची ओळ गल्लीच्या टोकापर्यंत असायची आणि पाण्याच्या टाक्यांभोवती जमावबंदी लावली होती. हे सांगताना माझ्या विभक्ती चुकत होत्या, लिंगं चुकत होती, पण मी थांबले नाही. जपानहून आलेल्या मैत्रिणीनं नंतर विचारलं की मग तुम्ही अंघोळ कशी करायचा. मी खरं सांगितलं, परातीत उभं राहून, म्हणजे तेच पाणी नंतर वापरता यायचं.

पोळा त्याच दिवसांत होता. सर्जा-राजा सजलेले व्हिडिओ कॉलवर पाहिले. त्या दिवशी घरची आठवण फार आली.

आता आठ महिन्यांचा हिशेब. पहिलं वाईट ते सांगते. प्रमाणपत्रावर क्रेडिट (अभ्यासाचे श्रेयांक) लिहिलेली आहेत, पण माझ्या कॉलेजनं ती धरली नाहीत. चार चकरा मारल्या, अर्ज दिले, उत्तर आलं नाही. जाण्याआधी हे लेखी विचारून घ्यायला हवं होतं. ज्यांना निव्वळ क्रेडिटसाठी जायचं आहे त्यांनी आधी विभागप्रमुखांची सही घ्यावी, नाहीतर जाऊ नये.

दुसरं, भाषा गळते. नोव्हेंबरमध्ये सेमिस्टर परीक्षा झाल्यावर जर्मन बातम्या लावल्या तर ऑगस्टमध्ये कळायचं तेवढं कळेना. चार आठवड्यांत कमावलेलं चार आठवड्यांत उतरायला लागतं. तेव्हापासून दर रविवारी संध्याकाळी जपानी मैत्रीण आणि मी एक तास व्हिडिओवर जर्मन बोलतो. दोघींचीही ती मायबोली नाही, त्यामुळे कोणी कोणाची चूक काढत नाही. या एका तासानं मला जेवढं दिलं तेवढं कुठल्याच अॅपनं दिलं नाही. जूनमध्ये बी-वनची परीक्षा देतेय.

ती मैत्रीण सप्टेंबरअखेर गोंधळली होती. तुमच्याकडे पाणी नसतं म्हणाली होतीस, मग हे काय? त्या आठवड्यात लातूर, धाराशिव, बीडमधली रानं पाण्याखाली होती. आमचं काढणीला आलेलं सोयाबीन चार दिवस पाण्यात उभं राहिलं. दुष्काळाचा जर्मन शब्द मला पाठ होता, पुराचा ‘युबरश्वेमुंग’ मी त्या रात्री शिकले आणि तिला सगळं सांगितलं. पप्पांना मामाचे पैसे फेडायला अजून एक हंगाम लागणार आहे. हे मी लपवत नाही, कारण जाण्याचा विचार करणाऱ्या मराठवाड्यातल्या बऱ्याच घरांचं गणित असंच असणार.

मग जावं का? ए-टू झालेलं असेल, कर्ज डोईजड होणार नसेल आणि परत आल्यावर आठवड्याला एक तास बोलायला कोणीतरी मिळणार असेल तर नक्की जावं. अगदी शून्यातून सुरुवात करायला जाणार असाल तर अडीच लाखांत जी अक्षरं गिरवाल, ती इथं दहा हजारांत होतात. एकाच वर्गातल्या दोन-तीन मराठी मैत्रिणींनी मिळून जाऊ नये, दिवसभर मराठीच बोलाल.

आणि जे टिकलं ते हे. फेब्रुवारीत एका कंपनीच्या इंटर्नशिपच्या मुलाखतीत मी मध्येच “आम्ही हे प्रोजेक्ट करायलोय” म्हणाले. समोरच्या सरांनी हसून विचारलं, लातूर का? हो म्हणाले आणि पुढं बोलत राहिले. इंटर्नशिप मिळाली.

तिथल्या दुकानातून आणलेल्या वहीत डाव्या पानावर मी आजीचे शब्द लिहिते आणि उजव्या पानावर जर्मन. आत्तापर्यंत 160 झालेत. आजी आता स्वतःच फोन करून शब्द सांगते. काल ‘इर्जिक’ सांगितला: ज्याचं नांगरणं मागं पडलंय त्याच्या रानात सगळ्यांनी आपापले बैल घेऊन जायचं, एका दिवसात सगळं नांगरून द्यायचं, मजुरी घ्यायची नाही, रात्रीचं जेवण त्याच्याकडे. उजवं पान अजून कोरं आहे. रविवारी विचारते.