माडीवरच्या दुसऱ्या थिएटरसाठी रिसीव्हर कोणता घ्यावा?

आमच्या गावच्या घराची माडी पूर्वी दिवाळीपासून होळीपर्यंत कापसानं भरलेली असायची. आता वेचलेला कापूस थेट जिनिंगवर जातो आणि अठरा बाय चौदा फुटांची ती खोली वर्षभर रिकामी राहते. आर्वीच्या घरात एक होम थिएटर आधीपासून आहे, म्हणून गावी माडीवर दुसरं करायचं ठरलं. स्पीकर, टीव्ही, बसायची सोय यावर घरात दोन दिवसांत एकमत झालं. रिसीव्हरवर, म्हणजे टीव्ही-बॉक्सचा आवाज घेऊन तो सगळ्या स्पीकरना वाटणाऱ्या यंत्रावर, मात्र दोन महिने गेले. त्या दोन महिन्यांत जे पाहिलं, ऐकलं आणि मोजलं ते इथे मांडतो. वर्धा, यवतमाळ, अमरावतीकडच्या खेड्यात कुणी अशीच खोली करत असेल, तर त्याच्या कामी यावं.

दुसऱ्या खोलीचा विचार करताना आपण नकळत पहिल्या खोलीची मापं लावतो. आर्वीला मी आणि मुलगा बसतो, एसी लावून, दार बंद करून. गावी माडीवर आई बसते, काकू बसतात, शेजारच्या दोन-तीन वहिनी येतात, सुटीत सगळी पोरं येतात. तिथे मालिका लागते, कीर्तन लागतं, नागपूरजवळ जामठ्याच्या स्टेडियमवर मॅच असली की अर्धी आळी वर येते. सुरुवातीला तिथे टीव्ही आणि एक साउंडबार ठेवला होता. चार दिवसांनी आई म्हणाली, ‘गाणं तं मस्त आयकू येते बापू, पण बोलते काय, ते समजत नाही.’ पुढची सगळी निवड मी या एका वाक्यावर तपासली.

आई म्हणते ते खरं होतं आणि त्याचं कारण खिडकीत होतं: कूलर. एप्रिल-मेमध्ये आमच्याकडे पारा ४५ च्या आसपास जातो, कूलरशिवाय माडीवर बसणं शक्य नाही. कूलरचा आवाज म्हणजे एकसारखा सुसाट वारा. बोलण्यातले स, श, क, ट असे वर्ण मुळातच हलके असतात, ते या वाऱ्यात आधी बुडतात. स्वर ऐकू येतात, शब्द कळत नाहीत. यावर उपाय म्हणजे मधला स्पीकर. ५.१ ध्वनीत, म्हणजे पाच स्पीकर आणि खोल आवाजाचा एक सबवूफर अशा मांडणीत, संवाद जवळजवळ सगळे मधल्या म्हणजे सेंटर स्पीकरमधून येतात, आणि रिसीव्हर असला की तेवढाच स्पीकर दोन-तीन डेसिबलनं वर करता येतो. बाकीचा गोंगाट वाढत नाही, बोलणं पुढे येतं. आमच्या साध्या साउंडबारमध्ये ही सोय नव्हती. दहा बाय बाराच्या खोलीत, पंख्याखाली, दोन माणसांना साउंडबार पुरतो आणि त्यात गैर काही नाही. आमच्या खोलीला तो पुरला नाही.

मग जुना रिसीव्हर. खरं तर पहिला विचार हाच असावा: आर्वीचा जुना गावी न्यायचा आणि नवा आर्वीला घ्यायचा. माझ्याकडे २०१२ चा होता. इतक्या जुन्या रिसीव्हरला एचडीसीपी २.२ हे चित्राची नक्कल रोखणारं संरक्षण कळत नाही, त्यामुळे ४के चित्र त्याच्यातून पुढे जात नाही. पण त्यावर तोड सोपी आहे. सगळी यंत्रं थेट टीव्हीला जोडायची आणि टीव्हीतून ऑप्टिकल तार रिसीव्हरला द्यायची. ऑप्टिकलमधून साधा डॉल्बी डिजिटल ५.१ नीट जातो, आईच्या मालिकेला आणि मॅचला तेवढा भरपूर. म्हणून जुना रिसीव्हर चालू स्थितीत असेल तर नव्यावर पैसे घालण्याआधी तो एक उन्हाळा वापरून पाहाच.

आमचा मृगाच्या पहिल्याच पावसात गेला. बटण बंद होतं, प्लगही काढलेला होता. पण छतावरच्या डिश अँटेनाची तार सेट-टॉप बॉक्सला लागलेली, बॉक्स एचडीएमआयनं टीव्हीला, टीव्हीही तेव्हा एचडीएमआयनंच रिसीव्हरला. गावाबाहेरच्या लिंबावर वीज कोसळली आणि त्याच वाटेनं दाब आत शिरला. बॉक्स, टीव्हीचा एक पोर्ट आणि रिसीव्हरचा बोर्ड, तिन्ही एका झटक्यात गेले. तेव्हापासून आभाळ भरून आलं की प्लगच्या आधी डिशची तार काढायची, हे घरातल्या पोरांनाही पाठ झालं आहे.

उरले नवे चार. यामाहा आरएक्स-व्ही३८५, सोनी एसटीआर-डीएच५९०, डेनॉन एव्हीआर-एक्स५८०बीटी आणि डेनॉन एव्हीआर-एक्स१८००एच. पहिले दोन २०१८ चे, तिसरा २०२२ चा, चौथा २०२३ चा. पहिले तीन पाच स्पीकरचे आहेत, चौथा सात स्पीकरचा आणि बराच महाग.

खरेदीला गेलं की सगळ्यात आधी वॅट दाखवले जातात, आणि बहुतेक जण तिथेच फसतात. सोनीच्या खोक्यावर १४५ वॅट, डेनॉनच्या १८००एच वर ८० वॅट. म्हणजे सोनी दांडगा? तसं नाही. १४५ हा आकडा एकच चॅनल, म्हणजे एकाच स्पीकरची वाट, चालवून, ६ ओहमवर (ओहम म्हणजे स्पीकरचा विजेला होणारा रोध, तो कमी धरला की वॅटचा आकडा फुगतो), एकाच सुरावर आणि ०.९ टक्का विकृती चालवून घेऊन काढलेला आहे. तोच सोनी दोन चॅनल आणि पूर्ण स्वरपट्टा धरून मोजला की ९० वॅट देतो, तेही ६ ओहमवर. डेनॉनचे ८० हे ८ ओहमवर, दोन चॅनल, पूर्ण पट्टा असे मोजलेले आहेत. यामाहाचे ७० वॅट याच कडक पद्धतीचे, पण ६ ओहमवरचे. एक्स५८०बीटीचे ७० हे ८ ओहमवरचे. एकाच मापानं मोजलं की चौघांतलं अंतर कानाला जेमतेम कळेल इतकं उरतं, कारण वॅट दुप्पट झाले तरी आवाज फक्त ३ डेसिबलनं वाढतो.

आमच्या खोलीचा हिशेबही मी करून पाहिला. ८८ डेसिबल संवेदनशीलतेचा स्पीकर एका वॅटवर एक मीटरवर ८८ डेसिबल देतो. दहा फुटांवरच्या खुर्चीपर्यंत, भिंतींचा परतावा धरून, ८० च्या आसपास उरतात. सिनेमातला मोठा धमाका ९५ ला न्यायचा तर पंधरा डेसिबल हवेत, म्हणजे सुमारे ३२ वॅट, तेही क्षणभर. चौघांपैकी कुणीही हे आरामात करतो. वॅटसाठी जास्त पैसे मोजायची या खोलीला गरज नव्हती.

ॲटमॉसचा, म्हणजे डोक्यावरूनही आवाज आणणाऱ्या डॉल्बीच्या पद्धतीचा, मोह मात्र मला खरोखर होता. आर्वीला आहे, तो आवडतो, पाऊस डोक्यावर पडतोय असं वाटतं. चौघांत तो फक्त १८००एच मध्ये आहे. पण छताला स्पीकर लावायचे नसतील तर ॲटमॉसचा आवाज छतावर आपटून खाली यावा लागतो, आणि त्यासाठी छत सपाट, कडक आणि साधारण साडेसात ते बारा फूट उंचीचं लागतं. आमच्या माडीवर कवेलू आहेत, खाली सागाची लाकडं, दोन्ही बाजूंना उतार. वर फेकलेला आवाज तिथे विखुरतो, खुर्चीपर्यंत येत नाही. लाकडांना स्पीकर टांगता आले असते, पण दर दोन वर्षांनी कवेलू फेरावे लागतात, तेव्हा धूळ, कचरा आणि वानरांची उठबस सगळं त्या स्पीकरवर. ज्यांच्याकडे स्लॅबचं घर आहे त्यांच्यासाठी हे उत्तर बदलतं. सपाट स्लॅब, दहा-अकरा फूट उंची, एसी लावलेली बंद खोली असेल तर १८००एच घ्या. त्याची ऑडिसी मल्टईक्यू एक्सटी ही खोलीनुसार आवाज जुळवणारी पद्धत चौघांत सगळ्यात सूक्ष्म आहे, आणि वाय-फाय, सहा एचडीएमआय इनपुट, दुसऱ्या खोलीत स्टीरिओ देण्याची सोय हे सगळं त्यात येतं.

उष्णतेचा मुद्दा त्याला जोडूनच येतो. अशी यंत्रं साधारण ३५ अंशांपर्यंतच्या खोलीसाठी बनवलेली असतात. आमच्या माडीवर मे महिन्यात दुपारी खोलीच चाळिशीला टेकते. रिसीव्हर नुसता चालू असला, आवाज अगदी कमी असला, तरी गरम होतो. चॅनल जितके जास्त तितकी ऊब जास्त. वर किमान चार-पाच इंच मोकळी जागा लागते, भिंतीतल्या बंद कपाटात तो गुदमरतो. सोनी इथे उपयोगी पडतो, त्याची उंची जेमतेम १३ सेंटिमीटर, त्यामुळे जुन्या देवळीत ठेवूनही वर हवा राहते. कूलरच्या थेट झोतात मात्र कुठलाच ठेवू नका. गार वाटतो, पण त्या झोतात पाण्याचा अंश आणि धूळ दोन्ही असतात, आणि रिसीव्हरच्या झरोक्यांतून ती थेट बोर्डावर बसतात. झरोक्यांना मागच्या बाजूनं बारीक जाळी लावावी, नाहीतर पाली आत शिरतात.

यामाहा आणि एक्स५८०बीटी यांच्यात माझं बरेच दिवस ठरत नव्हतं. दोघांना चार एचडीएमआय इनपुट, दोघांना ब्लूटूथ, दोघांबरोबर आवाज जुळवणारा माइक. डेनॉन नव्या पिढीचा आहे, ८के चित्र पुढे पाठवतो आणि त्याला ईएआरसी आहे, म्हणजे टीव्हीतून येणारा पूर्ण दर्जाचा ध्वनीही घेतो. यामाहाला साधं एआरसी आहे, त्यावरून टीव्हीचा दाबून लहान केलेला ध्वनीच येतो. कागदावर डेनॉन पुढे. पण आमच्या माडीवर हे फरक कुठे दिसणार? ओटीटीवरचा ध्वनी डॉल्बी डिजिटल प्लस असतो आणि तो साध्या एआरसीवरून येतो. ब्लू-रे प्लेअर रिसीव्हरलाच जोडला की ईएआरसीची गरज राहत नाही, ट्रूएचडी आणि डीटीएस-एचडी हे डिस्कवरचे पूर्ण दर्जाचे ध्वनी यामाहा स्वतः उलगडतो. ४के १२० चं, म्हणजे सेकंदाला १२० चौकटींचं, चित्र लागतं ते नव्या गेम कन्सोलला. पुतण्या कन्सोल घेऊन गावी राहायला येणार असता तर मी डोळे झाकून डेनॉन घेतला असता. डेनॉनला दोन सबवूफर जोडता येतात, यामाहाला एकच. कवेलूच्या घरात एक सबवूफर घुमला तरी भांडी वाजतात, म्हणून ती कमतरता मला जाणवली नाही.

माझं मन यामाहाकडे झुकलं ते दोन गोष्टींमुळे. एक म्हणजे सीनची बटणं. एक बटण दाबलं की रिसीव्हर सुरू होतो, ठरवलेला इनपुट निवडतो, ठरवलेली ध्वनीची पद्धत लावतो. पहिल्या बटणावर आईचा सेट-टॉप बॉक्स, दुसऱ्यावर सिनेमा. मी घरी नसताना आईला कुणाला हाक मारावी लागत नाही, आणि माझ्या दृष्टीनं दुसऱ्या खोलीतल्या रिसीव्हरचा हा सगळ्यात मोठा गुण आहे. दुसरी गोष्ट म्हणजे अडॅप्टिव्ह डीआरसी. आवाज कमी ठेवला तरी हळू संवाद वर येतात आणि मोठे धमाके आटोक्यात राहतात. रात्री नऊनंतर, खाली वडील झोपलेले असताना, याचं मोल कळतं. यामाहाला वाय-फाय नाही, पण टीव्हीला आहे. वाय-फाय नसलेलं यंत्र अद्ययावत करा म्हणून मागे लागत नाही, हेही आईच्या सोयीचंच.

सोनी वाईट नाही. बुटका, हलका, रात्रीसाठी वेगळा मोड असलेला. देवळीतच ठेवायचा असेल तर तोच घ्या. माझ्याकडे उघडी मांडणी होती.

जो पैसा १८००एच न घेतल्यानं वाचला तो मी तीन जागी घातला. पहिला चांगला सेंटर स्पीकर, आईच्या कानाच्या रेषेत, टीव्हीखाली थोडा वर कललेला. दुसरा स्टॅबिलायझर. आमचं घर गावठाण फीडरवर, म्हणजे शेतपंपांपासून वेगळ्या, घरांच्या वीजवाहिनीवर आहे, तरी ओलिताच्या दिवसांत संध्याकाळी मीटर १८० दाखवतो आणि मध्यरात्री २५० च्या वर जातो. तिसरं अर्थिंग. मीठ-कोळसा घालून नवा खड्डा केला आणि उन्हाळ्यात त्यात पाणी ओततो. त्याआधी स्पीकरमधून जी बारीक घरघर यायची, ती त्या दिवशी थांबली. इन्व्हर्टरवर रिसीव्हर चालवायचा असेल तर साइन वेव्हचाच घ्या, स्क्वेअर वेव्हवर घरघर परत येते.

अमेरिकेतला कुणी भाचा-जावई तिकडून स्वस्तात आणून देतो म्हणाला तर आधी रिसीव्हरच्या मागची पट्टी वाचायला सांगा. तिकडचे १२० व्होल्टचे असतात, आपल्या २३० वर लावले की गेले. वॉरंटीही इथे चालत नाही, आणि इथे घेतलेला बिघडला तरी तो नागपूर किंवा अमरावतीला न्यावाच लागतो, म्हणून खोकं आणि थर्मोकोल फेकू नका.

घरी आणल्यावर माइकनं आवाज जुळवताना कूलर आणि पंखा दोन्ही बंद ठेवा, पोरांना खाली पाठवा, माइक आई बसते त्याच खुर्चीवर तिच्या कानाच्या उंचीला ठेवा. जुळवणी झाली की कूलर लावा, तिची मालिका लावा, आणि सेंटर अर्ध्या-अर्ध्या डेसिबलनं वर नेत जा. आमच्याकडे तीनवर आई म्हणाली, ‘आता थांब, आता समजते.’