मेळाव्यातला स्टॉल की पीयू कॉलेजचा वर्ग? सीमाभागात प्रवेशाच्या प्रचाराचा पैसा कुठे घालावा

नोव्हेंबर-डिसेंबर आला की बेळगाव, निपाणी, खानापूरकडच्या कॉलेजांच्या प्रवेश समित्यांत एक वाद ठरलेला असतो. शैक्षणिक मेळाव्यात स्टॉल घ्यायचा, की तेच पैसे डिझेलवर घालून तालुक्यातली पीयू कॉलेजं (कर्नाटकातली अकरावी-बारावीची कॉलेजं) पालथी घालायची? संस्थाचालकांचा कल बहुधा स्टॉलकडे, कारण स्टॉल दिसतो. फीत कापली जाते, फोटो निघतो, दुसऱ्या दिवशी पेपरात येतो. जांबोटी-नंदगडला धूळ खात गेलेल्या लेक्चररचा फोटो कुणी काढत नाही.

मी दोन्हीकडे उभा राहिलेलो आहे, म्हणून मत आधीच सांगून टाकतो. मुलाला घरून जाऊन-येऊन करता येईल असं तुमचं कॉलेज असेल तर वर्गात जा. हॉस्टेलवर ठेवावं लागणार असेल तर स्टॉल घ्या. याला अपवाद आहेत, आणि सीमाभागाच्या स्वतःच्या अशा काही भानगडीही आहेत. त्या ठाऊक नसतील तर दोन्हीकडचा पैसा पाण्यात.

समोर कोण उभं असतं

मेळाव्यात अख्खं घर येतं. वडिलांच्या हातात आधीच्या सगळ्या स्टॉलांवरची पॅम्प्लेट कोंबलेली कापडी पिशवी, मुलगी स्टँडीवरची ब्रँचची यादी वाचत थोडी मागे, आणि आई सगळ्यात शेवटी. वडील फी विचारतात, डोनेशन विचारतात, प्लेसमेंट किती म्हणतात. तुमचा माणूस पाठ केलेलं सगळं सांगतो. पिशवी उचलून ते निघाले असं वाटतं, तेवढ्यात आई विचारते, “बस कॉलेजच्या दारात येते काय सर, की स्टॉपवरनं चालत यायचं? सुटायला किती वाजतात?” प्रवेश बऱ्याचदा तिथे ठरतो. “आमच्याकडे ट्रान्सपोर्ट फॅसिलिटी आहे” म्हणणारा स्टॉल हरतो. खानापूरकडे जाणारी संध्याकाळची गाडी किती वाजता आणि प्रॅक्टिकलच्या दिवशी मुली ती कशी गाठतात, हे सांगणारा जिंकतो.

११ जून २०२३ पासून शक्ती योजनेत कर्नाटकातल्या महिलांना राज्यातल्या साध्या सरकारी बसने फुकट प्रवास आहे. त्यामुळे गावातून रोज बेळगावला येणाऱ्या मुलीचा खर्चाचा एक मोठा आकडाच गळाला. बेळगावच्या कॉलेजांनी हे ब्रोशरच्या पहिल्या पानावर छापायला हवं. छापलेलं मला अजून दिसलेलं नाही. तिथे इमारतीचा ड्रोनने काढलेला फोटो असतो.

वर्गातलं चित्र निराळं. प्राचार्य शेवटच्या तासानंतरची वीस मिनिटं देतात. पोरांचं लक्ष घड्याळाकडे, प्रोजेक्टर असला तर वीज नाही, वीज असली तर केबल नाही. खडू घेऊन बोलावं लागतं. “काही शंका?” म्हटलं की वर्ग गप्प. मग तुम्ही बाहेर येऊन गाडीची किल्ली शोधत असता तेव्हा दोन-तीन मुली घुटमळत येतात. “सर, आमचं दहावीपर्यंत सगळं मराठीतनं झालंय. पीयूला कसंबसं रेटलं. डिग्रीला इंग्लिशमधनं जमंल काय?” मराठी माध्यमातल्या पोरांचा खरा प्रश्न हाच आहे. तो मेळाव्यात वडिलांच्या देखत कुणी विचारत नाही. विचारला तरी बाजूच्या स्टॉलवर स्पीकर लावलेला असतो.

म्हणून वर्गात तुमच्याच कॉलेजात शिकणारी, त्याच गावची, मराठी माध्यमातून आलेली एखादी विद्यार्थिनी सोबत न्या. पहिल्या सेमिस्टरला काय झालं, कुठला विषय राहिला, कसा काढला, हे तिने सांगितलेलं पोरांना पटतं. स्टॉलवर मात्र असा विद्यार्थी फारसा उपयोगी पडत नाही. पालकाला तिथे फी कमी करण्याचा अधिकार असलेला किंवा तसं दिसणारा माणूस हवा असतो.

दोन निकाल, दोन कॅलेंडरं

इथे बाहेरची मंडळी हमखास अडखळतात. पुण्याहून आलेला स्टॉलवाला महाराष्ट्राच्या कॅलेंडरवर चालतो, आणि इथल्या पोरांचा निकाल त्याच्या आधीच लागून गेलेला असतो. २०२४ मध्ये कर्नाटकाच्या सेकंड पीयूसीचा (म्हणजे बारावीचा) निकाल १० एप्रिलला लागला, महाराष्ट्राच्या बारावीचा २१ मेला. २०२५ मध्ये अनुक्रमे ८ एप्रिल आणि ५ मे. म्हणजे मेच्या शेवटी भरलेल्या मेळाव्यात कर्नाटक बोर्डाचं मूल दीड महिना शेजाऱ्यापाजाऱ्यांचे सल्ले ऐकून, निम्मं ठरवून आलेलं असतं, आणि त्याच गर्दीतलं महाराष्ट्रातल्या कागलकडचं मूल नुकतं मार्कलिस्ट हातात घेऊन.

त्यात २०२४ पासून कर्नाटकाने पीयूसीची वार्षिक परीक्षा एकाहून जास्त फेऱ्यांत घ्यायला सुरुवात केली. पहिल्या फेरीत एखादा विषय राहिलेली किंवा मार्क वाढवायला पुन्हा बसलेली पोरं मेनंतरही शिल्लक असतात. उशिराच्या मेळाव्याला येणाऱ्यांत ही बरीच असतात. त्यांना सगळीकडून “आता जागा कुठे” हेच ऐकायला मिळालेलं असतं, त्यामुळे नीट उत्तर देणाऱ्या स्टॉलवर ती थांबतात.

वर्गभेटीला हा गोंधळ नडत नाही. डिसेंबर ते जानेवारीचा मध्य हा काळ दोन्ही राज्यांना चालतो. निपाणीत तर एकाच दिवसात दोन्ही राज्यं होतात, कारण निपाणीला खेटून असलेलं अर्जुननगर कागल तालुक्यात येतं. तिथलं देवचंद कॉलेज शिवाजी विद्यापीठाला जोडलेलं, आणि निपाणीकडची पोरं तिथे सर्रास शिकतात. जानेवारी संपत आला की प्रॅक्टिकल सुरू होतात, मग तुम्हाला फाटकावरचा शिपाईसुद्धा आत सोडत नाही.

इंजिनिअरिंगवाल्यांसाठी हिशोब वेगळा आहे. बेळगावात व्हीटीयूचं, म्हणजे कर्नाटकाच्या तंत्रविद्यापीठाचं, मुख्यालयच आहे आणि पोराला कुठल्याही संलग्न कॉलेजातून पदवी त्याच विद्यापीठाची मिळते. सरकारी कोट्याच्या जागा सीईटीच्या रँकवर केईए (कर्नाटकाचं परीक्षा प्राधिकरण) भरते. तुमच्या हातात उरतं एवढंच की ऑप्शन एंट्रीत, म्हणजे पसंतीची कॉलेजं क्रमाने भरताना, तो तुमचं नाव कितव्या नंबरावर टाकतो. डिसेंबरात केलेलं भाषण तोवर त्याच्या लक्षात राहत नाही. सीईटीचा निकाल ते ऑप्शन एंट्री या खिडकीत भरणारा मेळावा असेल तर स्टॉल घ्या, आणि गेल्या वर्षीचे शेवटचे रँक ब्रँचनुसार, प्रवर्गानुसार छापून समोर ठेवा. असा कागद ठेवलेल्या स्टॉलवर रांग लागते, भिंतीवर नुसतं “टॉप रिक्रुटर्स” लिहिलेल्यावर नाही. बीए, बीकॉम, बीएस्सीवाल्यांचं बरोबर उलट: प्रवेश अर्जावर होतो, मूल आधीच मनाशी ठरवून येतं. तिथे वर्गभेटच.

सीमेचे नियम, जे स्टॉलवर कुणाला माहीत नसतात

कोल्हापूर-पुण्याकडच्या स्टॉलवर उचगाव किंवा येळ्ळूरचं पोर गेलं की बरेच जण सांगून मोकळे होतात, “तुम्ही अदर स्टेटचे, फी जास्त पडेल.” इंजिनिअरिंगसारख्या महाराष्ट्र सीईटीच्या प्रवेशांत वादग्रस्त सीमाभागातल्या मान्यताप्राप्त शाळा-कॉलेजातून शिकलेल्या आणि मातृभाषा मराठी असलेल्या उमेदवारांसाठी टाइप ई अशी स्वतंत्र वर्गवारी आहे. महाराष्ट्राने दावा सांगितलेल्या ८६५ गावांचा भाग त्यात येतो. त्यासाठी महाराष्ट्राची सीईटी द्यावी लागते, आणि गाव सीमाभागात असल्याचा व मातृभाषेचा असे दाखले लागतात. स्टॉलवर हे सांगणारा एक माणूस आणि दाखल्यांच्या नमुन्याची झेरॉक्स ठेवली, तर महाराष्ट्रातल्या संस्थेला दुसरा प्रचार करावाच लागणार नाही. पण मेच्या मेळाव्यात हे कळून उपयोग काय? सीईटी तोवर होऊन गेलेली असते. म्हणजे हॉस्टेलवाल्या बाहेरच्या संस्थेनेही ही एक माहिती हिवाळ्यातच पीयू कॉलेजच्या नोटीस बोर्डावर लावून यायला हवी. मी वर सांगितलेल्या नियमाला हा पहिला अपवाद.

उलट बाजूही पाहा. बेळगावचं कॉलेज गडहिंग्लजला स्टॉल मांडतं तेव्हा जत, अक्कलकोट, दक्षिण सोलापूर आणि गडहिंग्लज या तालुक्यांतल्या कन्नड मातृभाषेच्या मुलांना केईएच्या नियमांत ‘गडिनाडू कन्नडिग’ म्हणून वाट आहे, त्यासाठी कन्नडची परीक्षा द्यावी लागते. गडहिंग्लजच्या मराठी मुलाला ती वाट नाही. दोघं एकाच बाकावरचे मित्र असतात, एकत्रच स्टॉलवर येतात, आणि तुमच्या माणसाने दोघांना एकच उत्तर दिलं तर एकाची फसगत ठरलेली.

आणि अर्जुननगरला बारावी केलेलं निपाणीचं पोर? त्याच्या बारावीवर महाराष्ट्र बोर्डाचा शिक्का पाहून कर्नाटकातले काउन्सेलर त्याला परका ठरवतात. नियम सात वर्षं कर्नाटकात शिकल्याचा आहे, आणि दहावी किंवा बारावी यांपैकी एक परीक्षा इथून उत्तीर्ण असावी लागते. पहिली ते दहावी निपाणीत केलेलं मूल त्यात बसतं. पहिली ते दहावी खेड्यात शिकलेल्यांना १५ टक्के ग्रामीण आरक्षण आहे, ते मराठी माध्यमालाही लागू; कन्नड माध्यमाचं ५ टक्के मात्र नावाप्रमाणे कन्नड माध्यमालाच. खानापूर तालुक्यातल्या वर्गात जाऊन एवढं एक फळ्यावर लिहिलं, तरी तुमची वीस मिनिटं कारणी लागली.

डिग्रीच्या वर्षांचाही घोळ आहे. कर्नाटकाने २०२४-२५ पासून पुन्हा तीन वर्षांची पदवी आणली. महाराष्ट्रात नव्या धोरणाप्रमाणे तीन वर्षांनंतर चौथं वर्ष ऑनर्सचं ठेवलं आहे. पालक दोन्ही राज्यांच्या स्टॉलांवर फिरून गोंधळून येतात. तुमचं नीट सांगा, शेजाऱ्याचं वाईट सांगू नका.

भाषा आणि फलक

यावर फार बोलायला नको. दुकानं-आस्थापनांच्या फलकावर ६० टक्के कन्नडचा कायदा २०२४ मध्ये झाला आहे. फ्लेक्स छापण्याआधी संयोजकांना विचारा, ऐन उद्घाटनाला काढायला लागला तर शोभा होते. पॅम्प्लेट एकाच कागदावर मराठी आणि कन्नड, पाठपोट. स्टॉलवर दोन्ही बोलणारा माणूस. चिकोडी-अथणीकडे एका घरात दोन्ही भाषा चालतात, तिथे कुणाशी कुठल्या भाषेत सुरुवात करायची हे समोरच्याच्या पहिल्या शब्दावरून ठरवायचं.

खर्च कशाचा, मोजायचं काय

स्टॉलचं भाडं ही सुरुवात. दाराजवळची जागा महाग, कोपरा स्वस्त. वर स्टँडी, पॅम्प्लेट, चहा, दोन दिवस अडकलेली चार माणसं. वर्गभेटीत डिझेल, दोन माणसं आणि प्राचार्यांशी जपलेले संबंध. हे संबंध एका वर्षात तयार होत नाहीत, त्यामुळे पहिल्या वर्षी वर्गभेट तोट्यातच दिसते. मॅनेजमेंटला हे आधी सांगून ठेवा.

मेळाव्याच्या रजिस्टरमधल्या नावांवर भुलू नये. फुकट पेन आणि पिशवीसाठी लिहिलेले निम्मे नंबर उचलले जात नाहीत, आणि उरलेल्यांतले बरेच वडिलांचे असतात, जे त्या वेळी शेतात असतात. मोजायचं असेल तर अर्जावर “आमच्याबद्दल कुठे कळलं” हा रकाना ठेवा आणि तो भरल्याशिवाय अर्ज घेऊ नका. शिवाय २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालच्या मुलाची माहिती घेताना पालकांची संमती लागते असं आहे. पीयूतली बहुतेक पोरं सतरा-अठराच्या उंबरठ्यावर असतात. मेळाव्यात पालक शेजारीच उभा असतो, सही मिळते. वर्गात तो नसतो, म्हणून तिथे मुलांचे नंबर गोळा करू नका, आपला नंबर फळ्यावर लिहून या. ज्याला खरंच यायचं असतं तो फोन करतो.

तिसरी वाट एजंटांची. डोक्यामागे कमिशन घेऊन पोरं आणून देतात. त्यांनी कुणाला काय कबूल केलं ते तुम्हाला ऑगस्टमध्ये कळतं. नको. मेळाव्यातल्या ‘आजच सीट बुक करा’ प्रकाराबद्दलही तेच. मूळ मार्कलिस्ट ठेवून घेणं यूजीसीच्या २०१८ च्या अधिसूचनेने बंद आहे आणि प्रवेश रद्द केल्यास ठरलेल्या टप्प्यांनी फी परत द्यावी लागते. स्टॉलवर दबाव टाकून भरलेल्या जागा पहिल्या महिन्यातच रिकाम्या होतात.

मग कुणी काय करावं

बेळगाव शहरातल्या डिग्री कॉलेजने खानापूर, हिंडलगा, कडोली, सांबरा पट्ट्यातली पीयू कॉलेजं धरावीत आणि स्टॉल सोडून द्यावा. शहरातल्या पोरांना तुमचं कॉलेज ठाऊकच असतं, आणि गावातली बहुतेक घरं मेळाव्यापर्यंत येत नाहीत. इंजिनिअरिंग कॉलेजने एकच स्टॉल घ्यावा, पण ऑप्शन एंट्रीच्या तोंडावर. कोल्हापूर-सांगलीकडच्या संस्थेने मेच्या मेळाव्यात हॉस्टेलच्या वॉर्डनबाईंना घेऊन उभं राहावं. विभागप्रमुखापेक्षा त्यांच्याशी आया जास्त बोलतात. निपाणीच्या आसपासच्या कॉलेजांनी दोन्ही करावं, कारण तिथलं मूल दोन्ही राज्यांच्या फॉर्मवर एकाच वेळी बसलेलं असतं.

आणि वर्गभेटीचं ठरलं असेल तर प्राचार्यांना पत्र नोव्हेंबरातच द्या. डिसेंबरात गॅदरिंग असतं, नंतर प्रीलिम, आणि तुमच्याआधी येऊन वीस मिनिटं मागून गेलेली चार कॉलेजं तिथे असतातच.