शेवंतीच्या खोलीतला अंधार आणि हवा: आठ महिन्यांच्या वापरानंतर

माझी शेवंतीची खोली म्हणजे झिपने बंद होणारा एक टेंट, आत दिवा आणि हवा बाहेर खेचणारा पंखा. पहिल्या लागवडीत डावीकडच्या सहा कुंड्यांनी मला कोड्यात टाकलं होतं. रोपं एकाच दिवशी लावलेली, माती एकच, खत एकच, दिवाही एकच. उजवीकडची झाडं कळ्यांनी भरली आणि डावीकडची नुसतीच उंच वाढत राहिली. दोन झाडांवर बारीक हिरव्या कळ्या दिसल्या, पण त्या तशाच थांबल्या. आठवडाभर मी मुळं तपासत होते, पाण्याचा सामू (pH) मोजत होते. शेवटी एका रात्री पाणी घालायचं राहिलं म्हणून दिवा बंद असताना आत डोकावले आणि डावीकडच्या पानांवर उजेडाची एक फिकट पट्टी पडलेली दिसली. हवा आत येण्यासाठी जाळीची जी खिडकी ठेवली होती, तिच्यातून बाहेरच्या बोळातल्या ट्यूबलाइटचा उजेड सरळ आत येत होता.

शेवंती कमी दिवसाचं झाड आहे, म्हणजे दिवस लहान झाला की फुलणारं, असं आपण म्हणतो. प्रत्यक्षात ती रात्रीची लांबी मोजते. गार्नर आणि अॅलार्ड यांनी 1920 मध्ये दिवसाच्या लांबीचा फुलण्याशी संबंध दाखवला. पुढे 1938 मध्ये हॅम्नर आणि बॉनर यांच्या गोखरूवरच्या (झँथियम) प्रयोगांत दिसलं, की लांब रात्र मध्येच थोड्या उजेडाने मोडली तर झाड फुलत नाही. पानातलं फायटोक्रोम हे रंगद्रव्य हा हिशोब ठेवतं आणि तांबडा उजेड त्याला सर्वांत जास्त हलवतो. शेवंतीच्या बऱ्याच जातींमध्ये कळी धरायला जेवढी रात्र लागते, त्याहून जास्त लांब रात्र ती कळी पुढे वाढायला लागते. माझ्या त्या थांबलेल्या कळ्यांचं कारण हेच होतं. रात्र अर्धवट पुरली होती.

पहिला उपाय मी घाईत केला आणि तो चुकला. जाळीवर दुपदरी काळं कापड लावलं. अंधार छान झाला, पण हवा कोंडली. दिवा बंद झाला की आतलं तापमान उतरतं आणि आर्द्रता चढते. झाडं पाणी सोडतच असतात, ते बाहेर जायला वाट लागते. कापड लावण्याआधी रात्रीची आर्द्रता साठ-पासष्ट टक्क्यांवर असायची, ती पहाटे अठ्ठ्याऐंशीवर जाऊ लागली. दहा दिवसांत खालच्या पानांवर भुरी (पांढरी बुरशी) आली आणि एका उमलत्या फुलाच्या मधोमध राखाडी बुरशी धरली. बाहेर खेचणारा पंखा चालू होता, पण त्याला आत ओढायला हवाच नव्हती. टेंटच्या भिंती पोट आत घेतल्यासारख्या खपाटीला गेल्या होत्या. हरितगृहात शेवंतीवर काळं कापड ओढणाऱ्यांनाही हीच अडचण येते. कापडाखाली उष्णता साचली की फुलणं लांबतं. अंधार मिळाला पण हवा गेली, तर अर्धंच काम झालं.

मग एक तयार झडप आणून बसवली. काळ्या प्लास्टिकच्या तिरप्या पट्ट्यांची, अंधारासाठीच म्हणून विकली जाणारी. तिच्यावर मी महिनाभर विसंबले आणि त्याचं मला अजून वाईट वाटतं. समोरून पाहिलं तर पलीकडचं काही दिसत नाही, पण खाली वाकून पाहिलं की पट्ट्यांमधून बोळ दिसतो. शिवाय प्लास्टिक चकचकीत, त्यामुळे उजेड एका पट्टीवरून दुसरीवर उड्या मारत आत येतो.

शेवटी त्या खिडकीसाठी प्लायवूडची पेटी केली. गेले सहा महिने तीच चालू आहे, म्हणून तिच्याबद्दल सविस्तर लिहिते. उजेड सरळ जातो, हवा वळू शकते, या एकाच गोष्टीवर पेटी उभी आहे. आत दोन आडोसे आहेत. एक वरून खाली येतो, दुसरा खालून वर जातो आणि दोन्हींची टोकं एकमेकांना चांगली वीतभर ओलांडतात. हवा खाली जाते, वर चढते, परत खाली उतरते आणि आत येते. उजेडाला मात्र प्रत्येक वळणावर काळ्या भिंतीवर आपटावं लागतं.

मापं इथे फार महत्त्वाची आहेत. माझा बाहेर खेचणारा पंखा 150 मिलिमीटरचा, म्हणजे त्याच्या तोंडाचं क्षेत्रफळ साधारण 177 चौरस सेंटिमीटर. प्रत्येक वळण हवेला अडवतं, म्हणून आत येण्याची वाट मी त्याच्या अडीचपट ठेवली. पेटीची रुंदी 40 सेंटिमीटर आणि प्रत्येक फट 11 सेंटिमीटर, म्हणजे 440 चौरस सेंटिमीटर. आडोशाच्या टोकाशी वळतानाही तेवढीच मोकळी जागा आहे. तिथे फट अरुंद झाली तर बाकीची रुंदी वाया जाते. पेटी बसवल्या दिवशी टेंटच्या भिंती जेमतेम हलक्या आत ओढलेल्या दिसल्या. तेवढा ताण हवाच, कारण त्यामुळे हवा ठरलेल्या वाटेनेच येते. पेटीच्या तोंडाशी धरलेली पातळ कागदाची पट्टी सरळ आत वळली.

आतून रंग आधी काळ्या ऑइलपेंटचा दिला होता. चकाकीमुळे पेटीच्या शेवटच्या कप्प्यात उजेडाचा धूसर डाग राहिला. पॉलिश पेपरने घासून त्यावर शाळेतल्या फळ्याला लावतात तो मॅट काळा रंग दोन हात दिला. डाग गेला. पेटी करायची असेल तर रंगात काटकसर करू नका. हे मी अगदी कळकळीने सांगते, कारण अर्धं काम तोच रंग करतो.

बाहेर जाणाऱ्या वाटेकडे माझं उशिरा लक्ष गेलं. अॅल्युमिनियमचा लवचीक डक्ट, म्हणजे हवेची नळी, आतून आरशासारखा असतो, उजेड त्याच्या वळणांतूनही परतत परतत आत शिरतो. तो काढून आतून काळा असलेला डक्ट लावला आणि त्याला दोन काटकोनी वळणं दिली. हवा थोडी कमी झाली, म्हणून पंख्याचा वेग एक पायरी वाढवला.

बाकी फटींचं काम किरकोळ, पण चिकट. झिपच्या शिवणीत टाचणीएवढी भोकं होती, तिथे आतून कापडाची पट्टी वेल्क्रोने लावली. वायरच्या भोकाला फोम. अॅडाप्टर आणि टायमरच्या तांबड्या दिव्यांवर अॅल्युमिनियम टेप. काळी इन्सुलेशन टेप उष्णतेने सुटते, दोनदा सुटलेली पाहिली.

अंधार तपासायची माझी रीत अशी: बाहेरचे सगळे दिवे चालू, आतला बंद, झिप लावून आत वीस मिनिटं बसायचं. पहिल्या पाच मिनिटांत काहीच दिसत नाही आणि आपण खूश होतो. डोळे अंधाराला सरावले की मग एकेक भोक ताऱ्यासारखं उगवतं. झाडांच्या उंचीवर डोकं नेऊन बघायचं, कारण उभ्याने न दिसणारी फट कुंडीच्या पातळीवरून दिसते. टाचणीएवढ्या प्रत्येक भोकाने घाबरायचं कारण नाही. पौर्णिमेच्या चांदण्याचा उजेड एक लक्सच्याही (लक्स हे उजेड मोजायचं एकक) खाली असतो आणि शेवंती त्यात बिनघोर फुलते. शेवंतीला फुलू न देण्यासाठी मुद्दाम रात्री दिवे लावतात, तो उजेड शंभर लक्सच्या आसपास असतो. पानावर रोज तास-दोन तास पडणारी ठळक पट्टी मात्र सोडायची नाही.

पेटीच्या सहा महिन्यांतल्या तक्रारीही आहेत. मॅट रंगावर धूळ बसते आणि ओल लागली की ती थापून बसते, म्हणून महिन्यातून एकदा पेटी उघडून ब्रशने झाडावी लागते. मागची बाजू स्क्रूऐवजी खिळ्यांनी ठोकली होती, प्रत्येक वेळी त्रास झाला, आता बिजागरी लावली आहे. खालच्या कोपऱ्यात पाणी साचून प्लाय फुगला आहे. पेटी जागाही बरीच खाते. एका बाबतीत न मागता फायदा झाला: पंख्याचा बाहेर येणारा आवाज कमी झाला.

दुसऱ्या लागवडीत तेरा तासांची रात्र दिली. तिसऱ्या आठवड्यात डाव्या आणि उजव्या दोन्ही बाजूंना कळ्या दिसल्या आणि नवव्या आठवड्यात फुलं उमलली. पहाटेची आर्द्रता आता सत्तरच्या खाली असते, भुरी परत आलेली नाही. डावीकडच्या त्याच सहा जागी सध्या तिसरी लागवड आहे. काल रात्री टॉर्च न लावता त्यांच्या शेंड्यांवरून नुसती बोटं फिरवली, तर प्रत्येक शेंड्यावर गोल, टणक कळी हाताला लागली.